जुनं तैलचित्र कुणाचं? सही शेवटी बघा, आधी मागची बाजू बघा

या खेपेला आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं जुन्या चित्रांबद्दल आहेत. पावसाळा आणि चवथीची साफसफाई जवळ आली की भिंतीवरची चित्रं खाली उतरतात आणि मग प्रश्न सुरू होतात, म्हणून तिन्ही एकत्रच घेतोय.

प्रश्न : नमस्कार. आमचं घर म्हार्दोळच्या बाजूला, जुनं, चिऱ्याचं. चवथीच्या आधी रंगकाम करायचं म्हणून वसरीवरच्या सगळ्या तसबिरी उतरवल्या. त्यात पणजोबांचं मोठं तैलचित्र आहे, तीन फूट बाय दोन फूट असेल, डोक्यावर पागोटं, खांद्यावर उपरणं. खाली उजव्या कोपऱ्यात लाल रंगात सही आहे, ‘ए. एक्स. त्रि’ एवढं वाचता येतं, पुढचं गेलंय. काका म्हणतात हे चित्रकार त्रिंदादचंच. पणजोबा १९४६ साली ७२व्या वर्षी वारले, चित्रात साठीचे वाटतात. चित्र खूप काळं पडलंय, उपरण्याच्या जागी रंगाचे पोपडे सुटलेत, मागे पांढरी बुरशी आहे. ओळखीतला एक पेंटर म्हणतो, दोन दिवसांत धुवून, जवसाचं तेल चोळून, गेलेला रंग भरून, वर वॉर्निश मारून नवंकोरं करून देतो. आणि एक जण नुसता मोबाईलवरचा फोटो बघून विकत घ्यायला तयार आहे. फोटो सोबत पाठवतोय. काय करू? — एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : सगळ्यात आधी त्या पेंटरला नाही म्हणून सांगा, आजच सांगा. तो माणूस चांगल्या मनानं म्हणत असेल, पण तो जे चार उपाय सांगतोय ते चारही चित्राला मारक आहेत. पाणी भेगांतून आत जातं. जवसाचं तेल लावल्यावर थोडे दिवस रंग उठून दिसतात हे खरं, म्हणून तर लोक फसतात, पण ते तेल स्वतःच हळूहळू सुकून घट्ट होतं, पिवळं-तपकिरी पडतं, धूळ धरून ठेवतं आणि पुढे ते काढायला गेलं की खालचा मूळ रंगसुद्धा सोबत यायला लागतो. गेलेल्या ठिकाणी रंग भरताना हात हमखास शेजारच्या चांगल्या रंगावर जातो. आणि सुटलेल्या पोपड्यांवर ब्रशनं वॉर्निश मारलं तर निम्मे पोपडे ब्रशलाच चिकटून येतील.

आता चित्र सध्या कुठे ठेवलंय ते बघा. घरात रंगकाम चालू आहे म्हणजे भिंती घासल्याची धूळ, चुना, ओला रंग, सगळं हवेत असणार. ते ज्या खोलीत काम चालू नाही अशा कोरड्या खोलीत न्या, दोघांनी मिळून, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना धरून, वरच्या पट्टीला धरून उचलू नका. पोपडे सुटलेत म्हणून ते भिंतीला टेकवून उभं न ठेवता टेबलावर आडवं ठेवा, चेहरा वर करून. वर जुनी धुतलेली चादर अंगाला न टेकेल अशी, चार बाजूंना खुर्च्यांच्या पाठी लावून ताणून टाका. पडलेले पोपडे सापडले तर फेकू नका, कितीही बारीक असले तरी कागदाच्या पाकिटात घालून ठेवा, कुठे पडले होते ते वर लिहा, दुरुस्ती करणारा ते परत जागेवर बसवू शकतो. बुरशीसाठी उन्हात ठेवायचा मोह होईल, ते अजिबात करू नका. खोलीत हवा खेळती ठेवा, पंखा थेट चित्रावर नको.

हे पोपडे का सुटतात ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. कॅनव्हासवर आधी सरस लावलेला असतो, त्यावर पांढरा अस्तराचा थर, त्यावर रंग, त्यावर वॉर्निश. आपल्याकडे पावसात हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जातो, मग सरस सादळतो, फुगतो, मऊ पडतो, कापड आकसतं, आणि डिसेंबरात कोरडी हवा आली की परत उलट. कापड आणि सरस वर्षानुवर्षं असे हलत राहतात, पण शंभर वर्षांचा तेलरंग कडक आणि ठिसूळ झालेला असतो, त्याला हलता येत नाही. मग तो तडकतो, आणि शेतातला चिखल वाळला की त्याच्या कडा जशा वर येतात तशा रंगाच्या कडा वर येतात, आणि एके दिवशी पडतात. तुमच्या फोटोत उपरण्यावरचा रंग अगदी तसाच दिसतोय. म्हणजे दोष चित्रकाराचा असेलच असं नाही, तुमची ती वसरीची बाहेरची भिंत पावसात भिजते का ते बघा. भिजत असेल तर दुरुस्तीनंतर चित्र परत तिथे लावायचं नाही, आतल्या भिंतीवर लावायचं, आणि तिथेही फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावायचे म्हणजे मागून हवा फिरते.

काळं पडलंय ते तीन वेगवेगळ्या कारणांनी पडू शकतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. वर नुसती काजळी, समईची, धूपाची, पूर्वीच्या रॉकेलच्या दिव्यांची. त्याखाली जुनं वॉर्निश पिवळं होऊन तपकिरी झालेलं. किंवा मग मधे कधीतरी कुणीतरी तेल चोळून ठेवलेलं. हे नुसतं बघून कळत नाही. रिस्टोरर, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणारा जाणकार, कडेला, फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, कापसाच्या छोट्या बोळ्यानं थेंबभर द्रावणाची चाचणी घेतो, काय निघतंय आणि रंग जागेवर राहतोय का ते बघतो आणि मगच पुढे जातो. जो माणूस ही चाचणी न घेता किती दिवसांत होईल ते सांगतो त्याच्याकडे चित्र द्यायचं नाही, एवढी एक खूण लक्षात ठेवा.

आता त्रिंदाद. अंतोनियो शावियेर त्रिंदाद, जन्म १८७०, गोव्यातल्या सांगेचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिकवलं, १९३५ साली वारले. व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले, त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां (सतराव्या शतकातला थोर डच चित्रकार) म्हणायचे. त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद याही मोठ्या चित्रकार. तुम्ही दिलेल्या माहितीतून एक साधा हिशेब करू. पणजोबांचा जन्म १८७४च्या आसपास, चित्रात साठीचे, म्हणजे चित्र १९३४च्या सुमाराचं. त्रिंदाद गेले १९३५ला. म्हणजे जुळतं, पण अगदी काठावर. एकतर पणजोबा वयापेक्षा मोठे दिसत असतील आणि चित्र दहा वर्षं आधीचं असेल, किंवा चित्र खरंच शेवटच्या वर्षातलं असेल, किंवा ते पणजोबा गेल्यावर फोटोवरून दुसऱ्याच कुणी केलं असेल. तिसरी शक्यता मी मुद्दाम सांगतोय, कारण त्या काळात आपल्या घरांमधली बरीच चित्रं अशीच झाली, माणूस गेला की त्याचा एकुलता एक फोटो घेऊन चित्रकाराकडे जायचं. काही वेळा तर फोटोच मोठा करून त्यावर सरळ तेलरंग चढवायचे. हे ओळखायला चांगलं भिंग घ्या आणि चेहरा बघा. चेहऱ्यावर रंग एकदम पातळ, गुळगुळीत, ब्रशचा फटकारा नाही, आणि कपड्यांवर मात्र जाड रंग, असं दिसलं तर खाली फोटो असण्याची शंका घ्यायची. कडेला जिथे रंग गेलाय तिथे कापडाची वीण दिसते की कागद, तेही बघा.

सही. सगळे सहीकडे आधी धावतात, पण चित्रात नंतर घालायला सगळ्यात सोपी गोष्ट कुठली असेल तर ती सही. भिंगातून बघताना एकच गोष्ट शोधा. जुन्या रंगाला बारीक तडे गेलेत ना, सहीची रेघ त्या तड्यांवरून कशी जाते? खरी, त्याच वेळी केलेली सही रंगाबरोबरच तडकते, तडा सहीच्या रेघेतूनही आरपार जातो, तुटलेल्या कडा स्वच्छ दिसतात. नंतर घातलेली असेल तर लाल रंग तड्याच्या आत उतरलेला दिसतो, किंवा तडा भरून रेघ वरून अखंड गेलेली दिसते. तुमच्या फोटोत लाल रंग आजूबाजूच्या मानानं जरा जास्तच ताजा वाटतोय मला. मोबाईलचा फोटो आहे, फ्लॅशचा आहे, त्यावरून निकाल देणार नाही, पण तिथेच भिंग लावा. आणि ‘त्रि’च्या पुढचा भाग नेमका गेलाय तिथे रंग पडलाय की कुणीतरी खरवडलाय, हेही बघून ठेवा.

मागची बाजू मात्र जास्त बोलते. फ्रेममधून चित्र तुम्ही काढू नका, पण मागचा पुठ्ठा सहज सुटत असेल तर तेवढा सोडवून टॉर्चनं बघा आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. आतल्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत छोट्या लाकडी पाचरी आहेत का? कापड ताणायला त्या लागतात, जुन्या चांगल्या चौकटींना असतात. कापड चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलंय की स्टेपलनं? चुकांना गंज चढून कापडावर तांबडे डाग उतरलेत का? कापडावर कुठे शिक्का आहे का, त्या काळी विन्सर अँड न्यूटनसारख्या लंडनच्या कंपन्यांचा तयार कॅनव्हास मुंबईत यायचा आणि मागे कंपनीचं नाव-पत्ता छापलेला असायचा, पत्ता बदलला की शिक्काही बदलायचा म्हणून त्यावरून साल ठरवायला मदत होते. फ्रेमवाल्याचं लेबल असेल, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी असेल (ही संस्था १८८८ची), खडूनं लिहिलेला आकडा असेल. यातलं काहीही पुसू नका, बुरशी आली असली तरी.

मग घरातले कागद. पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या असतील तर १९२०पासून पुढच्या सगळ्या चाळा, चित्रकाराला दिलेले पैसे कुठेतरी टिपलेले असू शकतात. मुंबईला जाणंयेणं होतं का, कुणाकडे उतरायचे, तेव्हाची पत्रं. लग्नामुंजीचे जुने ग्रुप फोटो काढा आणि मागच्या भिंतीवर हे चित्र दिसतं का बघा, एखाद्या साल माहीत असलेल्या फोटोत ते दिसलं तर चित्र त्याआधीचं हे पक्कं झालं. काकांची आठवण मी कमी लेखत नाहीये, पण ती त्यांना कुणी सांगितली, त्या माणसानं स्वतः पाहिलं होतं का, हे विचारून तारखेसह लिहून ठेवा.

एवढं झाल्यावर पणजीला फोंतेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत जा, त्रिंदादांच्या चित्रांचा संग्रह तिथे आहे. निवांत वेळ काढून जा. चेहरा कसा रंगवलाय त्यापेक्षा हात कसे आहेत, कान कसा आहे, कापडाच्या चुण्या कशा पडल्यात, सावलीतला रंग कुठला आहे ते बघा, कारण चेहरा सगळेच जीव ओतून करतात, ओळख पटते ती अशा दुय्यम जागी. जे. जे.मधून त्या काळात एकाच पद्धतीनं शिकून बाहेर पडलेले बरेच जण होते, त्यामुळे ‘त्या शैलीतलं’ आणि ‘त्यांच्या हातचं’ यात खूप अंतर आहे. लिलाववाले या पायऱ्या काटेकोर पाळतात, अमक्याचं, अमक्याचं असावं, अमक्याच्या स्टुडिओतलं, अमक्याच्या पद्धतीचं, अमक्यावरून नक्कल, आणि प्रत्येक पायरीला किंमत उतरत जाते. म्हणूनच नुसता फोटो बघून घ्यायला निघालेल्या त्या गृहस्थाला सध्या थांबायला सांगा. त्याला चित्र खरं वाटत असेल तर सगळं तपासून झाल्यावरही तो घेईल.

दुरुस्तीसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या संवर्धन प्रयोगशाळा आहेत, त्यांना फोटो पाठवून विचारा. जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयातही विचारून बघा, गोव्याच्या हवेत चित्रं सांभाळायचा अनुभव त्यांना आहे. आधी पोपडे जागेवर बसवून घ्या, सफाई नंतर केली तरी चालते. आणि हे चित्र त्रिंदादांचं निघालं नाही तरी खर्च करा असंच मी सांगेन, पणजोबा तुमचेच आहेत आणि रंगवणाऱ्यानं त्यांना समोर बसवून किंवा त्यांच्या फोटोकडे तासन्‌तास बघून ते केलंय.

प्रश्न : मी मडगावला जुनं फर्निचर विकणाऱ्याकडून लाकडी फळीवरचं मरियेचं चित्र घेतलं. तो म्हणाला सतराव्या शतकातलं, एका जुन्या कपेलातलं (छोट्या चर्चमधलं) आहे. निळा झगा फारच सुंदर आहे. मागे दोन आडव्या पट्ट्या स्क्रूनं बसवल्यात, स्क्रूला अधिकच्या चिन्हासारखी खाच आहे. मी ऑनलाईन यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मागवलाय, त्यानं वय कळेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : वय नाही कळणार, पण वरून कुठे कुठे हात फिरलाय ते बऱ्यापैकी कळेल. टॉर्चवर ३६५ नॅनोमीटर लिहिलेलं आहे का बघा, स्वस्तातले ३९५चे असतात त्यात जांभळा उजेडच इतका येतो की बाकी काही दिसत नाही. रात्री खोली पूर्ण काळोखी करून बघा, डोळ्यांवर यूव्ही अडवणारा चष्मा ठेवा. जुनं नैसर्गिक राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं, आणि नंतर वरून भरलेले रंग काळपट जांभळ्या डागांसारखे दिसतात. पण वॉर्निशच्या खाली असलेली जुनी दुरुस्ती त्यात दिसत नाही, त्यामुळे डाग नाहीत म्हणजे चित्र अस्सल, असं धरू नका.

स्क्रू तशा खाचेचे म्हणजे १९३०नंतरचे. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की पट्ट्या तेव्हा किंवा त्यानंतर बसवल्या, फळी वाकत होती म्हणून कुणी बसवल्या असतील. निळ्या रंगाचं मात्र बघण्यासारखं आहे. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८च्या सुमाराला आला, आणि आजचा तो झगझगीत थॅलो ब्लू १९३५नंतर. पांढऱ्यात टायटॅनियम निघालं तर तो रंग साधारण १९२०नंतरचा. हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्सआरएफच्या यंत्रानं किंवा रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा नमुना घेऊन कळतं. घरी खरवडून बघू नका, जुना पांढरा शिशाचा असतो, त्याची पूड विषारी आहे.

आणि वरचा रंग नवा निघाला म्हणून लगेच खट्टू होऊ नका. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय-गव्हर्नरांची चित्रं आहेत ना, ती परंपरा १५४७मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रोनं सुरू केली, इतिहासकार गास्पार कोर्रेया आणि एका इथल्याच चित्रकाराकडून. ती फळ्यांवरची चित्रं पुढच्या शतकांत पुन्हा पुन्हा रंगवली गेली, इतकी की आज वर दिसतो तो चेहरा आणि पहिल्या चित्रकारानं काढलेला चेहरा एकच आहे असं गृहीत धरता येत नाही. आपल्या हवेत असं व्हायचंच, वाळवी लागली, रंग गेला, की कुणीतरी भक्तीनं परत रंगवायचं. तुमच्या निळ्या झग्याखाली दुसरा झगा असू शकतो, एक्स-रे काढला तर दिसेल.

पण यापेक्षा मोठा प्रश्न मला दुसराच वाटतो. कुठलं कपेल? विकणाऱ्याकडून गावाचं नाव, त्याला कुणी विकलं, पावती, हे सगळं लेखी मागा. शंभर वर्षांवरचं चित्र असेल तर ते १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं, त्याचा धंदा करायला लायसन्स लागतं, देशाबाहेर ते नेता येत नाही, आणि अशी चित्रं पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवायची असतात. कपेलातून न विचारता उचललेलं निघालं तर ते तिथल्या लोकांचं आहे, तुम्ही पैसे मोजलेत तरीही. तुम्ही ते प्रेमानं घेतलंय हे पत्रातून कळतंय, म्हणून स्पष्ट लिहितोय.

प्रश्न : आजीच्या देव्हाऱ्यात राजा रविवर्माची लक्ष्मी आहे, ओरिजिनल ऑइल पेंटिंग, हाताला कॅनव्हासचा खरखरीतपणा लागतो. विमा काढावा का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : बहुतेक करून ती ओलिओग्राफ असणार, म्हणजे छापील. रविवर्मांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. तैलचित्रासारखं वाटावं म्हणून काही प्रतींवर वॉर्निश चढवायचे आणि कॅनव्हासची वीण दाबून उठवायचे, तोच खरखरीतपणा तुमच्या हाताला लागतोय. भिंगातून बघा, गालावर रंगांचे बारीक बारीक वेडेवाकडे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसले तर छपाई. ब्रशनं केलेल्या चित्रात रंगाचा थर वर उचललेला दिसतो, ठिपके दिसत नाहीत. सारख्या अंतरावर, शिस्तीत मांडलेले ठिपके असतील तर ती खूप नंतरची ऑफसेट प्रत.

नावाच्या बाबतीत आपण रविवर्मांवर फार भार टाकतो. म्हैसूरच्या संग्रहालयातलं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र कित्येक घरांत रविवर्माचं म्हणून सांगतात, ते सावंतवाडीचे चित्रकार हळदणकर यांचं आहे, आणि तेलरंग नाही, जलरंग आहे. रविवर्मांचं खरं तैलचित्र असेल तर ते राष्ट्रीय कलाठेवा म्हणून देशाबाहेर न्यायला बंदी आहे, इतकं ते वेगळ्या पंगतीतलं. तुमच्या प्रतीलाही संग्राहकांकडे मोल असतं, विशेषतः खाली छापखान्याचं नाव शाबूत असेल तर, पण विम्याच्या आधी ती वाचवायची बघा. देव्हाऱ्यात कुंकू, तेलाचे हात आणि निरांजनाची आच रोज लागत असेल तर पूजेला दुसरी तसबीर ठेवा आणि ही समोरच्या भिंतीवर घ्या. पावसात कागद काचेला चिकटलाय का ते बाजूनं टॉर्च मारून बघा, चिकटलेली जागा ओली-काळपट दिसते. चिकटला असेल तर काच ओढून काढू नका, तशीच काचेसकट कागदाचं काम करणाऱ्या रिस्टोररकडे न्या.